‘बाबा नरकात आहेत’ असं दादा म्हणतो, आणि मुलगी दिवा बंद करू देत नाही

पत्राचा सारांश: चाळिशीतल्या एका ताईंचं पत्र आहे. घर चर्चला जाणारं, वडील तरुणपणी संडे स्कूल घ्यायचे. आईचा कॅन्सर खूप लांबला, ती गेली आणि त्यानंतर वडिलांनी चर्च सोडलं, कोणी विचारलं तर "देवाशी माझं बोलणं बंद आहे" एवढंच म्हणायचे. गेल्या वर्षी तेही वारले. शेवटच्या दिवसांत पाळक प्रार्थनेला आले तेव्हा त्यांनी मान फिरवली. आता मोठा भाऊ उघड म्हणतो की बाबा नरकात आहेत, आणि ताईंनी मुलांना नियमित चर्चला नेलं नाही तर त्यांचंही तेच होईल. हे ताईंच्या नऊ वर्षांच्या मुलीने ऐकलंय. ती रात्री दिवा बंद करू देत नाही, "आजोबा आत्ता जळतायत का?" असं विचारते. ताई विचारतात की दादा म्हणतो ते खरंच शास्त्रात आहे का, मला ते मानता येत नाही म्हणजे माझा विश्वास गेला का, मुलीला काय सांगू, आणि दादाशी कसं वागू.

ताई, मुलीचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं थोडं थांबू शकतं पण ती आज रात्रीही विचारणार आहे. विचारलं की टाळू नका, "झोप आता" म्हणू नका. जवळ घ्या आणि सरळ सांगा की मला तसं अजिबात वाटत नाही, आजोबांना आता काही दुखत नाहीये, ते देवाच्या हातात आहेत आणि देवाला आजोबा आपल्यापेक्षा जास्त माहीत आहेत, त्यांना का राग आला होता तेही माहीत आहे. मामाला काळजी वाटते म्हणून तो तसं बोलला, पण मेल्यावर कोण कुठे गेलं हे मामाला कळू शकत नाही, कोणालाच कळत नाही. एवढं पुरे. दिवा चालू राहू दे, महिनाभर राहिला तरी बिघडत नाही.

मग कधीतरी दिवसा, उजेडात, तिला विचारा की तुला नक्की काय दिसतं. बहुतेक वेळा मुलांच्या डोळ्यासमोर असतो तो शिंगंवाला, हातात त्रिशूळासारखं काहीतरी घेऊन लोकांना आगीत ढकलणारा सैतान, म्हणजे नरक हे जणू त्याचं राज्य. हे चित्र बायबलमध्ये नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, २० व्या अध्यायात सैतान स्वतःच अग्निसरोवरात टाकला जातो, तिथे तो कोणाचा छळ करत बसलेला नाही, शिक्षा त्यालाच आहे. मत्तयाच्या २५ व्या अध्यायातही ती आग सैतान आणि त्याच्या दूतांसाठी तयार केलेली आहे असं येशू म्हणतो. यातनांची बारीकसारीक वर्णनं, कोणत्या पापाला कोणती शिक्षा वगैरे, ही आली नंतरच्या लेखनातून. दुसऱ्या शतकात पेत्राच्या नावाने लिहिलेलं एक प्रकटीकरण फिरत होतं, त्यात निंदा करणारे जिभेने टांगलेले आहेत, पण चर्चने ते पुस्तक नव्या करारात घेतलं नाही. पुढे चौदाव्या शतकात इटालियन कवी दांतेने नरकाची नऊ वर्तुळं रचली, आणि त्याच्या काव्यात तर अगदी तळाला आगही नाही, गोठलेलं सरोवर आहे आणि त्यात सैतान छातीपर्यंत बर्फात अडकलाय. मग चित्रकार आले, भिंतीभिंतींवर ते सगळं रंगलं, आणि आपण लहानपणी जे पाहिलं ते शास्त्र म्हणून डोक्यात बसलं. मुलीला दांते सांगायची गरज नाही, पण "ते चित्र माणसांनी काढलेलं आहे" हे तिला नक्की कळेल, नऊ वर्षांच्या मुलांना हा फरक छान कळतो.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की "शास्त्रात नरक आहे हे मला माहीत आहे, मग दादा चुकीचं काय बोलतोय?" या वाक्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात असं मला वाटतं. शास्त्रात नरकाबद्दल इशारा आहे, ही एक गोष्ट. अमुक एक मेलेला माणूस तिथे आहे, ही दुसरी. पहिलीवरून दुसरी आपोआप निघत नाही, आणि माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे.

नरक वगैरे काही नाही, सगळं भीती घालायला रचलेलं आहे असं सांगून मी तुम्हाला मोकळं करणार नाही, कारण ते प्रामाणिक होणार नाही आणि तुम्हाला पटणारही नाही. नव्या करारात नरकाग्नीबद्दल सगळ्यात जास्त कोण बोलतं, तर स्वतः येशू. पौलाच्या पत्रांत नाश, क्रोध, मृत्यू हे सगळं येतं पण यातनांचं वर्णन तो करत बसत नाही, आणि प्रेषितांच्या कृत्यांमधली भाषणं वाचलीत तर तिथे न्यायाचा दिवस आहे पण लोकांना आगीची भीती घातलेली नाही. येशूच्या तोंडी मात्र ती आग आहे आणि ती सौम्य नाही. यरुशलेमच्या दक्षिणेला हिन्नोमचं खोरं आहे, नरकासाठी तो जो शब्द वापरतो तो त्याच्याच नावावरून आलाय. तिथे पूर्वी आहाज आणि मनश्शे या राजांनी स्वतःची मुलं अग्नीत अर्पण केली असं इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात लिहिलंय, पुढे योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून तो प्रकार बंद पाडला, आणि यिर्मयाने त्या खोऱ्याला वधाचं खोरं म्हटलं. (तो शहराचा जळता उकिरडा होता असं प्रवचनांत नेहमी ऐकू येतं, पण त्याचा लेखी उल्लेख येशूनंतर हजाराहून जास्त वर्षांनी, एका ज्यू भाष्यकाराच्या लिखाणात सापडतो आणि उत्खननातही तसा पुरावा मिळालेला नाही, म्हणून मी ते सांगत नाही.) ऐकणाऱ्या ज्यू माणसाला त्या नावासरशी काय आठवत असेल बघा, मोठ्यांनी स्वतःच्या हाताने आगीत दिलेली लेकरं.

आणि तो हे कोणाला सांगतो? मार्कचा ९ वा अध्याय काढा, ४२ व्या वचनापासून वाचा. न मरणारा किडा, न विझणारी आग, हात तोडून टाक, डोळा उपटून टाक, सगळं तिथेच आहे, नरकावरचा तो सगळ्यात कडक उतारा म्हणायला हरकत नाही. पण त्याची सुरुवात लोक वाचतच नाहीत. सुरुवातीला येशू म्हणतो की या लहानग्यांपैकी एकालाही जो अडखळवेल त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात टाकलं तर ते बरं. मग पुढे तुझा हात, तुझा पाय, तुझा डोळा. शेजाऱ्याचा डोळा नाही. सगळं "तू" ला उद्देशून आहे, समोर जिवंत उभ्या असलेल्या माणसाला, ज्याला अजून वळायला वेळ आहे. मत्तयाच्या ५ व्या अध्यायात भावावर रागावून त्याला मूर्ख म्हणणाऱ्याला हा इशारा आहे, २३ व्या अध्यायात धर्म शिकवणाऱ्यांना आहे. २५ व्या अध्यायात न्यायाच्या वेळी माणसं मेंढरं आणि शेरडं अशी वेगळी केली जातात तिथे भुकेल्याला खायला दिलं का, आजाऱ्याकडे गेलास का, तुरुंगातल्याला भेटलास का एवढंच विचारलं जातं, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक चकित होतात, कोणालाच आपला निकाल आधी माहीत नव्हता.

लूकच्या १३ व्या अध्यायात तर कोणीतरी सरळच विचारतं की प्रभू, तारण पावणारे थोडेच आहेत का. येशू आकडा देत नाही. तू अरुंद दरवाजातून आत यायचा प्रयत्न कर, म्हणतो. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवून विचारतो की याचं काय होणार, तर उत्तर मिळतं की त्याचं तुला काय, तू माझ्यामागे ये. दुसऱ्याच्या शेवटाबद्दल विचारलं की प्रत्येक वेळी प्रश्न विचारणाऱ्याकडेच परत येतो. श्रीमंत माणूस आणि लाजराची गोष्टही तशीच, लूक १६, ती गोष्ट ऐकणाऱ्याने ‘कोण कोण तिथे असेल’ याची यादी करावी म्हणून सांगितलेली नाही. श्रीमंताच्या दारात फोडांनी भरलेला लाजर पडलाय, कुत्री त्याचे फोड चाटतायत, मेल्यावर यातनेत पडलेला श्रीमंत विनवतो की माझ्या पाच भावांना तरी सावध करा, आणि ऐकणारे ते पाच भाऊच आहेत, अजून जिवंत असलेले, त्यांनी दार उघडावं म्हणून ती गोष्ट आहे.

दादाने तो इशारा उचलला आणि एका मेलेल्या माणसावर निकाल म्हणून लावला. तो निकाल द्यायचा अधिकार त्याला कोणी दिला? कॅथलिक चर्च संत जाहीर करतं, म्हणजे अमुक माणूस स्वर्गात आहे असं अधिकाराने सांगतं, पण अमुक माणूस नरकात आहे असं त्याने आजवर कोणाबद्दलही जाहीर केलेलं नाही. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाबद्दलही नाही, ज्याच्याविषयी स्वतः येशू म्हणाला होता की हा जन्मला नसता तर बरं झालं असतं. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात नरक सार्वकालिक आहे असं स्पष्ट लिहिलंय, त्यात पळवाट नाही, पण तिथेच नरक म्हणजे माणसाने देवापासून स्वतःला कायमचं तोडून घेणं असंही लिहिलंय, आणि कोणीही नाश पावू नये अशी चर्च प्रार्थना करतं असंही. म्हणजे जे लोक नरक पूर्णपणे मानतात तेही नाव घ्यायला धजत नाहीत.

दुसरं एक गृहीतक तुमच्या पत्रात आहे, की ख्रिस्ती माणूस नरकाबद्दल एकच गोष्ट मानू शकतो आणि ती मानता आली नाही की बाहेर. तसं कधीच नव्हतं. जुन्या करारात तर बहुतेक ठिकाणी चांगले वाईट सगळेच मेल्यावर अधोलोकात जातात. योसेफ मेला असं समजून याकोब म्हणतो की मी शोक करतच माझ्या मुलाकडे अधोलोकात उतरेन, आणि ते मूल काही पापी म्हणून तिथे गेलेलं नाही. पुढे चर्चमध्ये तीन वाटा दिसतात. ऑगस्टीन या बिशपने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ठामपणे मांडलं की शिक्षा अनंत आहे आणि ती जाणवत राहते, पश्चिमेकडे तेच मुख्य मत झालं, दादाच्या चर्चमध्येही बहुधा तेच शिकवलं जातं आणि ते हलक्यात घेण्यासारखं मत नाही, त्याच्या पाठीशी वचनंही आहेत. दुसरं मत असं की आग शेवटी नष्ट करते, कायम छळत नाही. इंग्लिश पाळक जॉन स्टॉट हे इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच शेवटचा आधार मानणाऱ्या प्रोटेस्टंट लोकांमध्ये फार मानलं जाणारं नाव, त्यांनी १९८८ मध्ये आपला कल तिकडे आहे असं उघडपणे लिहिलं, आणि इंग्लंडच्या चर्चच्या सिद्धांत आयोगाचा १९९५ चा अहवालही नरक म्हणजे अस्तित्वच संपणं या बाजूला गेला. तिसरं मत ओरिजेन या जुन्या ख्रिस्ती अभ्यासकाचं, तिसऱ्या शतकातलं, की देव शेवटी सगळं पूर्ववत करेल आणि आग ही शुद्ध करणारी आहे. सहाव्या शतकात, ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या काळात, ओरिजेनच्या नावाशी जोडलेल्या मतांचा निषेध झाला, पण चौथ्या शतकात जवळपास हीच आशा बाळगणारा निस्साचा बिशप ग्रेगरी आजही पूर्वेत आणि पश्चिमेत संत आहे. मी यातलं एक निवडून तुमच्या हातात देणार नाही. मला स्वतःला सगळे तारले जातील अशी आशा धरावीशी वाटते, खात्री म्हणून मी ते सांगू शकत नाही, आणि आशा धरायला कुठल्याही क्रीडने, म्हणजे चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या कबुलीने, मनाई केलेली नाही.

उलट प्रेषितांच्या क्रीडमध्येच ख्रिस्ताबद्दल एक ओळ आहे जी आपण भरभर म्हणून जातो, तो अधोलोकात उतरला. वधस्तंभाचा शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांच्या मधला शनिवार. पूर्वेकडच्या चर्चमध्ये पुनरुत्थानाचं चित्र म्हणून हेच रंगवतात. इस्तंबूलच्या पूर्वीच्या खोरा चर्चमध्ये (आता ती मशीद आहे) चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक भित्तिचित्र आहे, त्याचा फोटो शोधून बघाच. पांढऱ्या कपड्यातला ख्रिस्त पाय फाकून उभा आहे, पायाखाली अधोलोकाची तोडलेली दारं, आजूबाजूला कुलपं किल्ल्या विखुरलेल्या, आणि त्याने एका हाताने आदामाला आणि दुसऱ्याने हव्वेला कबरीतून ओढून काढलंय. हात हातात धरलेला नाही, मनगट धरलंय. म्हणजे त्यांना धरता येत नसलं तरी चालेल, धरणारा तो आहे. नरकाबद्दल बोलताना हे चित्रही त्याच परंपरेचं आहे हे विसरू नका, ढकलणाऱ्यांची चित्रं जितकी ख्रिस्ती तितकंच हेही.

बाबांबद्दल एक बोलायचंय. "देवाशी बोलणं बंद आहे" हे अविश्वासाचं वाक्य आहे असं तुम्ही दोघांनीही धरून चाललाय. मला ते तसं ऐकू येत नाही. जो देव नाहीच त्याच्याशी कोणी अबोला धरत नाही. बायकोला इतकी वर्षं झिजताना पाहिलेला माणूस रागावला, आणि त्याने खोटं गोड बोलण्यापेक्षा गप्प बसणं पत्करलं. शास्त्रात अशा माणसांना जागा आहे. ८८ वं स्तोत्र वाचा, त्यात देवाला तारणारा म्हणून मारलेली पहिली हाक सोडली तर शेवटपर्यंत एकही आशेचं वाक्य येत नाही, अंधारावरच संपतं, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. मुलंबाळं, सगळं गमावलेला इयोब देवाला काय काय बोलतो, आणि त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याला त्याचं पाप समजावत राहतात. शेवटी ४२ व्या अध्यायात देव मित्रांवर रागावतो, म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत, माझा सेवक इयोब बोलला तसं. बाबांनी पाळकांकडे मान फिरवली, हो, पण त्यानंतर त्यांच्या मनात काय झालं हे त्या खोलीतल्या कोणालाही दिसलं नाही. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या आणि शेवटच्या क्षणी त्याच्याकडे वळलेल्या चोराला किती वेळ मिळाला होता?

आता तुम्ही काय करायचं. बाबांसाठी प्रार्थना करावीशी वाटत असेल तर ते तुमच्या चर्चवर थोडं अवलंबून आहे, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स लोक मृतांसाठी प्रार्थना करतात, बरीचशी प्रोटेस्टंट चर्चेस करत नाहीत. पण त्यांच्याबद्दल देवाशी बोलायला, मला त्यांची आठवण येते, ते तुझ्या हवाली, एवढं म्हणायला कोणाचीच हरकत नसते. रडायचं राहिलं असेल तर रडा. मला वाटतं वर्षभर तुम्ही शोक करायच्या ऐवजी बाबांची वकिली करत बसलायत आणि त्यामुळे ते गेलेत हेच अजून नीट आत गेलेलं नाही.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की रात्री "मी नरक पाहून आले" छापाचे व्हिडिओ बघता. ते बंद करा, आजपासून. त्यातून कोणाला काही कळत नाही, फक्त झोप जाते, आणि मुलगी शेजारी असते. त्याऐवजी मार्कचं शुभवर्तमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा, सुटी वचनं काढून न वाचता, फार मोठं नाहीये, दोनेक तासांत होतं. आणि स्वतःकडे जरा लक्ष ठेवा. एखादा विचार मनात आला म्हणून पुन्हा पुन्हा क्षमा मागावी लागणं, प्रार्थना "नीट झाली नाही" म्हणून परत परत करणं, छातीत धडधड, असं आठवड्यानुआठवडे चालू असेल तर तो विश्वासाचा प्रश्न राहिलेला नाही, ती चिंतेच्या आजाराची लक्षणं असू शकतात आणि त्यावर उपचार आहेत. समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. मुलीचंही तसंच, दीडदोन महिन्यांत झोप सुधारली नाही किंवा ती शाळेतही घाबरायला लागली तर दाखवा. पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांनाही हे सांगायचंय, नरकाची भीती घेऊन जगणारी माणसं गप्प असतात कारण बोललं तर विश्वास कमी आहे असं ठरेल अशी त्यांना भीती वाटते. बोला कोणाशी तरी.

राहिला दादा. त्याच्यावर रागावू नका असं मी म्हणणार नाही, राग साहजिक आहे. पण एक शक्यता मनात ठेवा, की तोही त्याच बाबांचा मुलगा आहे आणि त्याला जे शिकवलं गेलं त्यानुसार त्याचे वडील कायमचे गेलेत. हे घेऊन तो एकटाच झोपतो. काही माणसं अशी भीती स्वतःजवळ ठेवू शकत नाहीत म्हणून दुसऱ्यांना बजावत सुटतात. त्याच्याशी वचनांची लढाई करू नका, तुमची पाच वचनं त्याची सात, त्यातून काही होत नाही. मुलं नसताना त्याला भेटा आणि विचारा, दादा, तुला बाबांची आठवण येते का, तू काय घेऊन बसलायस मनात. त्याला बोलू द्या. मग स्वतःचं एकच सांगा, की बाबांचा न्याय देव करेल, तुझं मत तू ठेव, पण माझ्या मुलांसमोर बाबा कुठे आहेत हे तू पुन्हा बोलायचं नाहीस, बोललास तर मी त्यांना घेऊन तिथून निघेन. आवाज न चढवता. आणि खरंच निघा, पहिल्याच वेळी, नाहीतर त्या बोलण्याला अर्थ उरणार नाही. मार्क ९:४२ त्याच्या अंगावर फेकून मारायचा मोह होईल तुम्हाला, मी दाखवलंय म्हणून आणखीच होईल. तो टाळा, नाहीतर तोच इशारा तुम्हीही दुसऱ्याकडे वळवलात असं होईल.

चर्चचं म्हणाल तर मुलांना नेणं न नेणं हे दादाच्या धमकीवरून ठरवू नका, दोन्ही बाजूंनी. त्याच्या भीतीने जाऊ नका आणि त्याच्या रागाने सोडूही नका. तुमच्या पाळकांना एकट्यात भेटा आणि गोलगोल न बोलता विचारा, माझे वडील नरकात आहेत असं तुम्ही मला सांगाल का. बहुतेक पाळक "ते मला माहीत नाही" असंच म्हणतील, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकण्याचा दादालाही उपयोग होईल, म्हणून दुसऱ्या भेटीला त्याला बरोबर न्या. ते ठामपणे "हो" म्हणाले तर मुलांसाठी दुसरं चर्च शोधा. संडे स्कूलमध्ये नरकाबद्दल कोणत्या वयात, काय आणि कोणत्या शब्दांत शिकवतात हेही त्याच भेटीत विचारून घ्या, ते विचारायचा आईला पूर्ण हक्क आहे.